नेमाडे गटाने वाचायचे आहेत : कुठून सुरू करावं, किती पानं, काय टाळावं?

घोडबंदर_वाचनकट्टा
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडवर आमचा बारा जणांचा वाचनगट आहे. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी दहा ते बारा बसतो. वयं चोवीस ते सत्तर. चौघं इंग्रजी माध्यमातली आहेत, मराठी वाचतात पण सावकाश. एक सदस्य हिंदी भाषक आहेत, त्यांना मराठी ऐकून समजतं, वाचायला जड जातं. दोघी ऐरोलीहून येतात.
पुढचा मोठा लेखक म्हणून भालचंद्र नेमाडे ठरले आहेत. प्रश्न असे:
१. सुरुवात ‘कोसला’पासून की ‘हिंदू’पासून? ज्ञानपीठामुळे बऱ्याच जणांना ‘हिंदू’च हवी आहे.
२. चांगदेव पाटील हा नायक असलेल्या चार कादंबऱ्या वगळल्या तर काही बिघडतं का?
३. ‘टीकास्वयंवर’ हे त्यांचं समीक्षेचं पुस्तक आधी वाचून घ्यावं का?
४. चरित्र किती सांगावं? आणि चर्चा लेखकाच्या वादग्रस्त विधानांकडे वळली की ती परत पुस्तकावर कशी आणायची?

नौपाड्याचा_ग्रंथपाल
‘कोसला’. यात दुसरा विचार करू नका. ‘हिंदू’ सहाशेच्या आसपास पानांची आहे आणि त्यात गोष्ट सरळ रेषेत जात नाही. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो, वडील आजारी असल्याचं कळतं, तो गावाकडे निघतो, आणि त्या निघण्यात आख्खं गाव, घराणं, जातीजमाती, शेती, लोककथा उसळून वर येतात. नेमाड्यांच्या वाक्याची सवय नसलेला वाचक साठ-सत्तर पानांत दमतो, आणि गटात एक दमला की पुढच्या बैठकीला तिघं न वाचता येतात. ‘कोसला’त एकच माणूस बोलतो, त्याचं वय पंचवीस, गाव-पुणे-गाव एवढाच प्रवास. कान तयार व्हायला हीच जागा.

आता हिशेब. ‘कोसला’ तीनशेच्या वर पानं भरते. चार बैठका धरा. म्हणजे पंधरवड्याला ऐंशी, रोजची सहा. सावकाश वाचणाऱ्यांनाही सहा पानं अर्ध्या तासात होतात. तीन बैठकांत बसवू नका, कारण मधला होस्टेलचा भाग पसरट आहे आणि तिथेच लोक मागे पडतात.

कादंबरी सहा भागांत आहे, पण भाग लहानमोठे आहेत. ‘या वेळी दोन भाग’ असं ठरवलं तर एकदा फार कमी आणि एकदा फार जास्त होतं. एका प्रतीवर चार समान तुकडे पाडा आणि तुकडा जिथे संपतो त्या परिच्छेदाचे पहिले पाच-सहा शब्द गटात कळवा. पान क्रमांक कळवू नका. १९६३ ची पहिली आवृत्ती देशमुख आणि कंपनीची, नंतरच्या पॉप्युलर प्रकाशनाच्या, त्यातही वेगवेगळ्या मांडणीच्या. कोणाची प्रत वडिलांच्या कपाटातली असते, कोणाची परवा घेतलेली. पानं जुळत नाहीत आणि बैठकीतली पहिली दहा मिनिटं ‘कुठलं पान, कुठलं पान’ करण्यात जातात.

प्रती : बारा जणांना सहा पुरतात, दोघांत एक, पण जोड्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या लावा. घोडबंदरवरून संध्याकाळी पुस्तक पोचवायला कोणी निघत नाही. ऐरोलीच्या दोघींची एक जोडी. ग्रंथालयातून घेणार असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३ पासूनचं आहे, ठाणेकरांनी हे एवढं तरी अभिमानाने सांगावं) किंवा तुमच्या जवळचं सार्वजनिक वाचनालय, कुठेही आधी दोन गोष्टी विचारून घ्या : एका वर्गणीत एका वेळी किती पुस्तकं, आणि मुदतवाढ फोनवर मिळते का. चार बैठका म्हणजे दोन महिने. तेवढा काळ एक प्रत एकाकडे राहत नाही, म्हणून निम्म्या प्रती तरी विकत घ्या. झेरॉक्स नको. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय सुटे कागद दुसऱ्या बैठकीपर्यंत अर्धे हरवलेले असतात.

सांगवी_ते_मुंबई
चरित्राबद्दल. पाच मिनिटांत संपेल इतकंच सांगा, आणि पहिल्या बैठकीत नको, दुसऱ्या बैठकीच्या शेवटी.

सांगायचं ते एवढं : जन्म २७ मे १९३८, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात सांगवी गावी, शेतकरी घर. पुण्याला फर्ग्युसनमध्ये बी.ए., डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र, मुंबई विद्यापीठाचं इंग्रजीचं एम.ए. मग अध्यापन : अहमदनगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा आणि शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचं टागोर अध्यासन. साठच्या दशकात लघुनियतकालिकांची (तरुण लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या मासिकांची) चळवळ, त्यात ‘वाचा’चं संपादन. ‘टीकास्वयंवर’ला १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, २०१४ चं ज्ञानपीठ. मराठीत खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदांनंतरचं हे चौथं ज्ञानपीठ.

आधी का सांगायचं नाही, तर नायकाचं नाव पांडुरंग सांगवीकर आणि लेखकाचं गाव सांगवी. नायक पंचवीस वर्षांचा, आणि १९६३ मध्ये लेखकही पंचवीसच वर्षांचा. हे कळलं की गट गुप्तहेर होतो. हे कॉलेज कुठलं, तो मित्र कोण, वडील खरंच असे होते का. दोन तास त्यात जातात आणि पुस्तक बाजूला राहतं. चांगदेव पाटील तर प्राध्यापक, गावोगावची कॉलेजं बदलणारा, म्हणजे तिथे मोह आणखी मोठा. उलट बाजूने विचारायला लावा : स्वतःच्या इतक्या जवळचा माणूस घेऊनही लेखकाने त्याला कुठे मोठं केलेलं नाही, कुठे माफ केलेलं नाही, हे कसं साधलं? मेसचा कारभार अंगावर घेऊन पांडुरंग गोत्यात येतो ती पानं यासाठी घ्या. बापाच्या पैशावर उदारपणा करणारा मुलगा तिथे पूर्ण उघडा पडतो, आणि सांगणारा तोच आहे.

मोठ्याने_वाचा
वरच्या दोघांनी महत्त्वाचं सांगितलंय, पण एक मुख्य गोष्ट राहिली. नेमाडे मोठ्याने वाचायचे. प्रत्येक बैठकीत पहिली पंचवीस मिनिटं फक्त वाचन, चर्चा नाही. मराठी गद्य नीट वाचलं तर मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास होतात, म्हणजे पंचवीस मिनिटांत साधारण दहा पानं. तीन वाचक ठरवा, प्रत्येकी तीन-साडेतीन पानं, आणि त्यांनी घरी एकदा वाचून यावं. आयत्या वेळी पुस्तक हातात दिलं की वाचणारा अडखळतो आणि दोष लेखकाच्या भाषेवर जातो.

कारण असं की ‘कोसला’चं वाक्य बोलण्याच्या श्वासावर रचलेलं आहे. डोळ्याने वाचताना ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ ही खोड वाटते, वाचक त्यावरून घसरून पुढे जातो. आवाजात ऐकलं की लक्षात येतं, पांडुरंगला जिथे दुखतं तिथे तो बोलणं सैल सोडतो. मग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं येतात आणि तिथे ही ढाल टिकत नाही. हा फरक समजावून सांगता येत नाही, ऐकावा लागतो. मनीची पानं आणि अजिंठ्याची सहल एकाच बैठकीत ठेवा, तुकडे पाडताना मध्ये चिरा जाऊ देऊ नका. ती पानं एकाच आवाजात वाचली जावीत, वाचक बदलू नका. आणि त्यानंतर लगेच ‘कोणाला काय वाटलं’ विचारू नका. चहा ठेवायचा असेल तर तिथे ठेवा.

डायरीच्या रूपातला भाग मात्र मोठ्याने वाचायला घेऊ नका. तो घरी, एकट्याने वाचण्याचा आहे. नोंदी लागोपाठ ऐकल्या की सपाट होतात.

तुमच्या हिंदी भाषक सदस्यांसाठी हे वाचन हाच खरा दरवाजा आहे. ऐकून समजतं म्हणालात, मग त्यांना वाचकाच्या शेजारी बसवा.

चांगदेवचा_पक्षकार
प्रश्न क्रमांक दोन. चांगदेव वगळलात तर नेमाडे निम्मे वाचले. ‘कोसला’ आणि ‘हिंदू’ यांच्यात ४७ वर्षांचं अंतर आहे, आणि त्या अंतरात लेखक काय करत होता ते या चार पुस्तकांत आहे. क्रम असा : ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’. पहिलं १९७५ चं, शेवटचं १९७९ चं. हाच क्रम पाळा. मधलंच एखादं उचललं तर माणसं ओळखीची वाटत नाहीत आणि चांगदेव नुसता चिडचिडा दिसतो.

चारही वाचणं तुमच्या गटाला जमणार नाही हे मान्य. मग ‘बिढार’ घ्या. आपल्याकडच्या वाचकाला ती लगेच पकडते, कारण ती मुंबईत घडते : लघुनियतकालिकं काढणारी पोरं, पैशाची चणचण, राहायच्या जागेची ओढाताण, छापखाने, भांडणं, प्रस्थापित लेखक-प्रकाशकांबद्दलचा राग. ठाण्या-नवी मुंबईत भाड्याने राहणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी करार बदलणाऱ्या तरुण सदस्यांना चांगदेवचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं समजवावं लागणार नाही. पुढच्या पुस्तकांत तो तालुक्या-जिल्ह्याच्या कॉलेजांत जातो. संस्थाचालक, जातीची गणितं, नोकरी टिकवायची म्हणून गिळलेली मतं. महाराष्ट्रातल्या खाजगी शिक्षणसंस्थांचा कारभार आतून इतका बारकाईने दाखवणारं मराठी कादंबरीत फार थोडं आहे. गटात शिक्षक-प्राध्यापक असतील तर त्यांच्याकडे ‘जरीला’ किंवा ‘झूल’ स्वतंत्रपणे द्या आणि ‘बिढार’च्या शेवटच्या बैठकीत त्यांना वीस मिनिटं बोलू द्या. चारही पुस्तकांचा असा आवाका गटाला मिळतो.

चांगदेववर एक आक्षेप नेहमी येतो : काही घडत नाही, माणसं येतात आणि जातात. आक्षेप खरा आहे. कथानक शोधत वाचलं तर हाती काही लागत नाही. प्रत्येक सदस्याला एक दुय्यम पात्र वाटून द्या, त्या पात्राचं बोलणं, पगार, घर, लग्न, जात याबद्दल पुस्तकात जे जे येतं ते टिपून आणायला सांगा. शेवटच्या बैठकीत बारा टिपणं एकत्र आली की समाजाचा पट दिसतो. कादंबरीची रचनाच तशी आहे.

घोडबंदर_वाचनकट्टा
सगळ्यांचे आभार, फार नेमकं मिळालं. ‘कोसला’ चार बैठका आणि मग ‘बिढार’ असं धरते. दोन गोष्टी अजून : ‘टीकास्वयंवर’चं काय? आणि आमच्यातल्या तिघी म्हणतात की नेमाड्यांच्या कादंबऱ्यांत बायका दुरूनच दिसतात. हा विषय कसा घ्यावा?

सांगवी_ते_मुंबई
ताई, ‘टीकास्वयंवर’ आधी अजिबात नको. ते जाडजूड आहे, मतं ठाम आहेत, आणि ती डोक्यात घेऊन कादंबरी वाचली की प्रत्येक पान सिद्धांताचा पुरावा म्हणून वाचलं जातं. ‘बिढार’ संपल्यावर त्यातला एकच निबंध घ्या : मराठी कादंबरीच्या प्रेरणा आणि स्वरूपावरचा. त्यात ते सुरुवातीच्या तीन पुस्तकांवरून तीन वाटा दाखवतात. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७), विधवांच्या स्थितीवरचं, म्हणजे आजूबाजूच्या वास्तवाला भिडणारी वाट. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), अद्भुतरम्य. गुंजीकरांचं ‘मोचनगड’ (१८७१), ऐतिहासिक. नेमाड्यांचा कौल पहिल्या वाटेला. बैठकीत फळ्यावर तीन रकाने करा आणि गटाने आतापर्यंत वाचलेल्या मराठी कादंबऱ्या त्यात बसवायला सांगा. काही कुठेच बसत नाहीत. तिथे चर्चा सुरू करा. देशीवादावर, म्हणजे साहित्याची मुळं आपल्याच मातीत आणि परंपरेत हवीत या नेमाड्यांच्या भूमिकेवर, वाद घालायचा तर तो या तासानंतर. आधी घातला की पुस्तक न वाचलेलाही तेवढ्याच जोरात बोलतो.

वादग्रस्त विधानांचं म्हणाल, तर लघुकथेला ते कमी लेखतात, साहित्य संमेलनांना त्यांचा विरोध आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. ठाण्यात ८४वं संमेलन झालं ते २०१० साली, आणि ‘हिंदू’ही त्याच वर्षीची, त्यामुळे आपल्याकडे हा विषय निघतोच. एक नियम करा : बैठकीत विधान करायचं तर पुस्तकातला परिच्छेद समोर ठेवून. मुलाखतीतलं वाक्य, वर्तमानपत्रातला मथळा चालणार नाही. गटप्रमुखाने हा नियम स्वतःलाही लावावा.

मोठ्याने_वाचा
बायकांचा मुद्दा शेवटच्या दहा मिनिटांत ढकलू नका, पूर्ण बैठक द्या. ‘कोसला’ सांगणारा पांडुरंग आहे, आपल्याला दिसतं ते त्याच्या नजरेतून. आई, आजी, बहिणी घरात आहेत, पुण्यातल्या मुली लांब आहेत. आता बघायचं ते हे की त्याच्या नजरेची मर्यादा पुस्तकाला माहीत आहे का. याचं उत्तर दोन्ही बाजूंनी देता येतं आणि दोन्हीला मजकुरात आधार आहे. तयारी म्हणून तिघींपैकी एकीने फक्त घरातले प्रसंग काढावेत, दुसरीने फक्त पुण्यातले, तिसरीने मनीचे. मनी लहान आहे, आणि पांडुरंग जिच्यापुढे पूर्ण नि:शस्त्र होतो ती तीच. हे फक्त भावाचं प्रेम आहे की आणखी काही सांगतं, इथे तुमच्या गटाचे दोन तट पडतील. पडू द्या.

लेवा_बोली
भाषेबद्दल थोडं. नेमाड्यांचा भाग म्हणजे खानदेशाचा पूर्वेकडचा पट्टा. बरेच जण गावाकडच्या संवादांना सरसकट अहिराणी म्हणतात आणि अहिराणीचे शब्दार्थ शोधत बसतात. यावल-रावेर-जळगावकडची लेवा गणबोली वेगळी आहे. तिचा कान हवा असेल तर बहिणाबाई चौधरींच्या दोन-तीन कविता आधी वाचा. त्या जळगावजवळच्या असोद्याच्या (१८८० ते १९५१), त्याच बोलीतल्या, आणि शाळेत बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या. इंग्रजी माध्यमातल्या चौघांना या कवितांचा फार उपयोग होईल.

शब्द अडला तर लगेच फोनवर शोधू नका, पेन्सिलीने खूण करून पुढे जा. परिच्छेद संपेपर्यंत निम्मे शब्द आपोआप कळतात. उरलेल्यांसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही मोफत आहेत. शेतीची अवजारं, गुरांचे रंग, धान्य साठवायच्या जागा यांचे शब्द दाते-कर्व्यांत जास्त सापडतात. शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा. जुन्या कोशात शब्द जुन्या लेखनाने असतो, म्हणून पहिल्या खेपेला ‘सापडला नाही’ असं दिसतं.

नौपाड्याचा_ग्रंथपाल
पुढे ‘हिंदू’ला याल तेव्हासाठी. त्याच गतीने, पंधरवड्याला ऐंशी पानं धरली तर आठ बैठका लागतात, म्हणजे चार महिने. मे महिना आणि गणपती टाळून आखा, नाहीतर मध्ये तीन आठवड्यांची खिंडारं पडतात आणि माणसं विसरली जातात. पहिल्या बैठकीपासून एका मोठ्या कागदावर खंडेरावचं घराणं काढत जा : कोण कोणाचं, कोणत्या पिढीचं, कुठे गेलं. एकाच हाताने, दर वेळी भर घालत. तयार वंशावळ आणून चिकटवू नका, कारण कोण कधी उगवतं यातच मजा आहे. पुस्तकात मध्येच कथा, गाणी, वादविवाद, पुरातत्त्वाची माहिती येते. ते ओलांडून ‘मुख्य गोष्टी’कडे पळू नका. उपशीर्षकातच ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ म्हटलंय, आणि ती एकेक वस्तू उचलून बघावी अशीच रचली आहे.

शीर्षकावरून पहिल्याच दिवशी राजकारण निघेल. तिसऱ्या बैठकीपर्यंत शीर्षकावर बोलायचं नाही असं आधीच जाहीर करा. तोवर अडीचशेच्या आसपास पानं झालेली असतील आणि बोलायला प्रत्येकाकडे मजकूर असेल.

तुमच्या हिंदी भाषक सदस्यांसाठी ‘हिंदू’चा गोरख थोरात यांनी केलेला हिंदी अनुवाद आहे, राजकमलचा. घरी तो वाचावा, बैठकीत मराठी ऐकावं. फक्त तुकड्याचा शेवट त्यांना वेगळा कळवावा लागेल, कारण परिच्छेदाचे पहिले मराठी शब्द त्यांच्या प्रतीत सापडणार नाहीत. तिथे प्रसंग सांगा : कोण कुठे पोचतं, कोण काय बोलून थांबतं. हे काम त्यांच्या जोडीदाराकडे द्या.